स्टार ट्रेक पुन्हा उभं करायचं, तर सीझन वीस भागांचा हवा

ध्रुवबाळ:
ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक ही अंतराळजहाजावरची अमेरिकन मालिका लागायची. जहाजाचा कॅप्टन कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांचं बोलणं निम्मंही कळत नसे, तरी आम्ही भावंडं आंघोळी उरकून टीव्हीसमोर हजर. नव्वदीत स्टार प्लसवर तिची पुढची मालिका 'नेक्स्ट जनरेशन' आली आणि तिच्यातला कॅप्टन पिकार्ड घरातलाच झाला.

२००५ मध्ये 'एंटरप्राइझ' ही स्टार ट्रेक मालिका बंद पडली. पुढची १२ वर्षं स्टार ट्रेकची एकही नवी मालिका नव्हती. २०१७ला 'डिस्कव्हरी' आली, मग 'पिकार्ड', मग 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'. सगळं पाहिलं. जहाजं देखणी आहेत, नट उत्तम आहेत. पण सीझन दहा-पंधरा भागांचा, आणि 'डिस्कव्हरी'त तर जवळजवळ दर सीझनला सगळ्या आकाशगंगेवर संकट. 'नेक्स्ट जनरेशन'चा १९८९चा भाग 'द मेझर ऑफ अ मॅन' आठवा. जहाजावरच्या डेटा या यंत्रमानवाला उघडून बघायचं एका शास्त्रज्ञाच्या मनात आहे. डेटा नकार देऊ शकतो का, एवढाच प्रश्न. खटला उभा राहतो. पिकार्ड डेटाच्या बाजूने, आणि त्याचा मित्र रायकर नाइलाजाने विरुद्ध बाजूने. रायकर भर सुनावणीत डेटाचं बटण बंद करतो, डेटा पुढे कोसळतो, आणि आपण जिंकतोय हे कळल्यावर रायकरचा चेहरा पडतो. एकही स्फोट नाही. असे भाग होण्यासाठी लेखकांना मोकळी जागा लागते. ती परत द्या. जुने चेहरे परत नाही आणले तरी चालतील.

कोयनाकाठ:
असहमत. 'नेक्स्ट जनरेशन'च्या १७८ भागांतले तुम्हाला वीस आठवतात, म्हणून तो काळ सोन्याचा वाटतो. पहिल्या सीझनमधला 'कोड ऑफ ऑनर' आज कोणाला दाखवाल? कृष्णवर्णीयांचं ते चित्रण बघताना मला लाज वाटली. दुसऱ्या सीझनचा शेवट तर जुन्या भागांचे तुकडे जोडून केलाय. लेखकांच्या संपाने तो सीझन आधीच २२ भागांवर आला होता. भाग वाढवले की भरताडही वाढतं.

आणि खटलाच हवा असेल तर 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'च्या दुसऱ्या सीझनमधला ऊना या जहाजावरच्या अधिकारी बाईचा खटला बघा. तिच्या जमातीत जन्मतः जनुकीय बदल केलेले असतात, ते लपवून ती स्टारफ्लीटमध्ये, म्हणजे अशा बदलांना बंदी असलेल्या अंतराळ दलात, आलेली. तो भाग दहा भागांच्या सीझनमधूनच आला ना?

ध्रुवबाळ:
ऊनाचा भाग सुंदर आहे, मान्य. 'कोड ऑफ ऑनर'बद्दलही तुमचं खरं आहे. पण त्या पहिल्या सीझनमध्ये लेखक चुकत होते आणि तिसऱ्या सीझनपर्यंत मालिका सावरली. आता चुकायला जागाच नाही. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मधली जहाज चालवणारी ऑर्टेगास घ्या. तिच्या वाट्याला स्वतःचा म्हणावा असा भाग यायला तिसरा सीझन उजाडला!

नव्वदीतल्याच 'डीप स्पेस नाइन' या स्टार ट्रेक मालिकेचा 'ड्युएट' (१९९३) हा भाग बघा. पहिला सीझन संपत आला होता. जवळजवळ सगळा भाग एका कोठडीत, किरा ही अधिकारी आणि एक कैदी, तिच्या ग्रहावर जुलूम केलेल्या कार्डेशियन जमातीचा. तिला वाटतं हा छळछावणीचा प्रमुख. निघतो तिथला साधा कारकून, ज्याने चेहरा बदलून घेतलाय तो मुद्दाम शिक्षा भोगायला, आपल्या लोकांनी गुन्हा कबूल करावा म्हणून. दोन माणसं आणि एक खोली, एवढ्यात हे उभं राहिलं. मोठ्या सीझनमध्ये असल्या भागाला जागा मिळते.

कोयनाकाठ:
पण 'डीप स्पेस नाइन' थोर झाली ती पुढच्या सीझनांतल्या युद्धामुळे, आणि ते युद्ध सलग कथेत सांगितलंय. म्हणजे सलग कथाही स्टार ट्रेकच्याच रक्तात आहे. शिवाय वर्षाला २६ भाग काढणाऱ्यांचे हाल काय होत असतील? नट-तंत्रज्ञ माणसंच आहेत.

शेवंती:
मला या भांडणात एक तिसरीच मालिका आणायची आहे. माझी मुलगी बारा वर्षांची. तिला मी 'नेक्स्ट जनरेशन' दाखवलं, दहा मिनिटांत उठून गेली. मग 'प्रॉडिजी' ही स्टार ट्रेकचीच अ‍ॅनिमेशन मालिका लावली. खाणीतून पळालेल्या पोरांना टाकून दिलेलं जहाज सापडतं. स्टारफ्लीट म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नाही. माझ्या मुलीलाही नव्हतं. ती त्यांच्याबरोबरच शिकली, आणि आता तिच्यात दिसलेली कॅप्टन जेनवे कोण होती म्हणून जेनवेची जुनी मालिका 'व्हॉयेजर' बघतेय. पुनरुज्जीवन म्हणतात ते मला तिथे दिसलं.

ध्रुवबाळ, 'प्रॉडिजी'चे दोन्ही सीझन वीस-वीस भागांचे आहेत बरं का. आणि २०२३ मध्ये पॅरामाउंट या स्टार ट्रेकच्या मालक कंपनीने ती आपल्या स्ट्रीमिंग सेवेवरून काढून टाकली! दुसरा सीझन नेटफ्लिक्सने दाखवला. मुलगी त्या दिवसांत रोज विचारायची.

कोयनाकाठ:
अ‍ॅनिमेशन, तेही अर्ध्या तासाचं. खऱ्या नटांच्या मालिकेला तो हिशेब लागू होणार नाही. मालिका काढून टाकली त्याचा मात्र मलाही राग आला होता.

ध्रुवबाळ:
शेवंतीताई, मी 'प्रॉडिजी' मुलांची म्हणून बाजूला ठेवली होती. चूक झाली. आज रात्री पहिला भाग लावतो. कोयनाकाठ, तुम्ही 'ड्युएट' पाहिला नसेल तर तो बघा, मग भांडू.