शब्दचर्चा: ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ म्हणजे नेमका किती पाऊस?

प्रश्न (निफाड):
‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मुसळधार पावसाची शक्यता’ हे वाक्य एप्रिल-मे महिन्यांत सारखं कानावर पडतं. तुरळक म्हणजे थोडा, मुसळधार म्हणजे धो धो. मग दोन्ही एकाच वाक्यात कसे? काढलेला कांदा शेतात पडलेला असतो, तेव्हा याचा अर्थ नीट कळायला हवा.

उत्तर:
दादा, ‘तुरळक’ हे पावसाचं नाही, ठिकाणांचं विशेषण आहे. हवामान विभागाच्या भाषेत ‘किती जागी’ आणि ‘किती जोराचा’ या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, ५० टक्क्यांपर्यंत ‘काही ठिकाणी’, ७५ पर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’, त्यापुढे ‘बहुतेक ठिकाणी’. जोराची मोजणी २४ तासांच्या पावसावर होते: ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. म्हणजे तुमच्या वाक्याचा अर्थ असा, की फार थोड्या गावांत पडेल, पण जिथे पडेल तिथे झोडपून काढेल. तुमचं गाव त्यांत आहे की नाही, हे ते वाक्य सांगत नाही. कांदा झाकूनच ठेवा.

हे असं का, ते वळवाच्या ढगात दडलंय. दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा वर चढते, चढताना पसरते आणि किलोमीटरमागे साधारण १० अंशांनी गार होते. एका ठरावीक उंचीवर वाफेचे थेंब व्हायला लागतात. त्या भागात ही उंची सगळीकडे जवळपास सारखीच असते, म्हणून या ढगांचे तळ सुरीने कापल्यासारखे एका पातळीत दिसतात. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, ती हवेला आणखी वर रेटते, आणि ढग १२-१५ किलोमीटरपर्यंत उभा राहतो. पुस्तकात याला क्युम्युलोनिम्बस म्हणतात. असा एक ढग जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो आणि तासाभरात रिता होतो. म्हणून शिवाराच्या या टोकाला गारा आणि त्या टोकाला धूळ!

दुसरं मत (सावंतवाडी):
वरचं पटलं. आमच्याकडे मात्र ‘वळीव’ आणि ‘झड’ हा फरक लहान मुलालाही कळतो. वळीव उभ्या ढगाचा, झड आडव्या ढगाची. जुलैत समुद्रावरचा ओला वारा सह्याद्रीला अडतो, घाट चढतो, आणि डोंगरभर ढगांचा थर धरून राहतो. तेव्हा ‘बहुतेक ठिकाणी’ हाच शब्द योग्य. तोच वारा घाटमाथा ओलांडून खाली उतरला की तापतो, ढग विरतात. महाबळेश्वर चिंब असताना खाली वाई कोरडी राहते, ती यामुळेच.

आणि कृपा करून ‘मळभ’ला ‘ढगाळ वातावरण’ म्हणू नका. ढगाळ कशालाही म्हणता येतं. मळभ म्हणजे ऊन नाही, पाऊस नाही, वारा पडलेला, जीव कोंदणारा. इतका नेमका शब्द बातम्यांतून हरवावा याचं मला फार वाईट वाटतं. ‘आभाळ’ही तसाच. ‘आभाळ आलंय’ यात आभाळ म्हणजे ढग, आकाश नव्हे.

प्रश्न (निफाड):
समजलं, आभारी आहे. मग तलाठी ज्याला ‘अतिवृष्टी’ म्हणतात, ती यात कुठे बसते?

उत्तर:
हा महसुलाचा शब्द. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की नुकसानभरपाईसाठी ती अतिवृष्टी. अंदाजातल्या ‘मुसळधार’ची खालची पायरीही जवळपास तीच. वर्तमानपत्रं मात्र हाच शब्द २०० मिलिमीटरच्या पावसालाही वापरतात आणि घोटाळा होतो. पंचनाम्याच्या अर्जात मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा आणि तारीख लिहा. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, हेही ध्यानात ठेवा. रात्रीचा पाऊस दुसऱ्या दिवशीच्या तारखेला दिसतो.

आणखी एक मत (ठाणे):
‘ढगफुटी’ची पण भर घाला. जोरात पडला की लगेच ढगफुटी, असं हल्ली झालंय. रूढ व्याख्येप्रमाणे २०-३० चौरस किलोमीटर भागात तासाला १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच ती ढगफुटी. २४ तासांचा आकडा कितीही मोठा असला तरी त्यावरून ढगफुटी ठरत नाही, तासाचा आकडा लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर झाला, त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३. एकाच शहरात! त्या दिवशीच्या अंदाजासाठी ‘मुंबईत पाऊस’ या दोन शब्दांना काय अर्थ उरतो?