युकॉन रिव्हर क्वेस्ट: दोघींच्या कनूची तयारी

प्रश्न: आम्ही दोघी वडोदऱ्याच्या. कॅनडातल्या युकॉन नदीवरची वल्ह्यांच्या होड्यांची शर्यत, व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी, ७१५ किमी. सराव विश्वामित्रीत चालेल?

– ताई, तिथे मगरी आहेत! परवानगी काढून दुसरा, सुरक्षित तलाव बघा. नावेत मागे बसणारी दिशा सांभाळते, पुढे बसणारी लय धरते; मिनिटाला साधारण ६० वल्ही. दर ८-१० वल्ह्यांनी 'हट' म्हणताच दोघींनी एकदम बाजू बदलायची. एकीला उशीर झाला की नाव डुलते.

– खरा कस वाटेतल्या लेक लाबार्ज या सरोवरावर, सुमारे ५० किमी. वारा सुटला की लाटा आत येतात. किनारा धरा, स्प्रे कव्हर (पाणी आत येऊ नये म्हणून नावेवरचं आच्छादन) हवंच. वारा समोरून असेल तर सामान थोडं पुढे सरकवा, नाहीतर नावेचं नाक भरकटतं.

– लघवीसाठी फनेल घ्या, सवय इथेच करा. थांबणं टाळायला पाणी कमी पिऊ नका.