जँगो: कापसाच्या भावासाठी स्वतःचं कॅश बॅकएंड लिहावं का?

कपाशी_राळेगाव
नमस्कार मंडळी. तालुक्यातल्या शेतकऱ्यांसाठी मी जँगोत (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) बाजारभावाचं पान चालवतो. राळेगाव, हिंगणघाट, वणी आणि आजूबाजूच्या बाजारांतले कापूस, तूर, सोयाबीन. भाव जिथून घेतो ती साइट लिलावाच्या वेळीच रेंगाळते, म्हणून कॅश लावली, म्हणजे एकदा आणलेला भाव काही वेळ साठवून तोच दाखवायचा. आता एकाच ओट्यावर बसलेल्या दोघांना कापसाचे दोन भाव दिसतात, एकाला ७१००, दुसऱ्याला ७२५०. अन् साइट बंद पडली की पान कोरं. मुदत संपलेला भाव जँगो परत देत नाही, मला तो हवा आहे. त्यासाठी स्वतःचं बॅकएंड, म्हणजे कॅश साठवणारा-वाचणारा कोड, लिहू का? लोक हा भाव पाहून गाडी भरतात हो.

धामणगावकर
दोन भाव लॉकमेममुळे, म्हणजे मेमरीत साठवणाऱ्या बॅकएंडमुळे. सेटिंग्जमध्ये काही दिलं नाही तर जँगो तेच घेते, आणि ते प्रत्येक प्रोसेसच्या आपल्या मेमरीत राहते. जँगो चालवणाऱ्या गुनिकॉर्न सर्व्हरचे तीन वर्कर (वेगवेगळ्या प्रोसेस) असतील तर तीन कॅश. रेडिस (सगळ्यांना एकच असा वेगळा कॅश सर्व्हर) टाका, त्याचं बॅकएंड ४.० पासून जँगोतच आहे.

कपाशी_राळेगाव
सर्व्हर लहान आहे दादा, मेमरी पुरत नाही. पोस्टग्रेस डेटाबेस मात्र आहेच.

मूर्तिजापूरची_ताई
मग डेटाबेस कॅश लावा भाऊ. 'क्रिएटकॅशटेबल' कमांड चालवली की टेबल तयार, सगळे वर्कर तिथूनच वाचतील.

बॅकएंड लिहिणं अवघड नाही. जँगोच्या बेसकॅश क्लासवरून आपला क्लास घ्यायचा. ॲड, गेट, सेट, टच, डिलीट, क्लिअर एवढ्या मेथड लिहायच्या आणि सेटिंग्जमध्ये क्लासचा पत्ता द्यायचा. पण तुमच्या कामाला ते लागत नाही. भावासोबत तो कधी आणला ती वेळही एकत्र ठेवा, आणि टाइमआउट (मुदत) 'नन' द्या. मग तो मुदतीनं जात नाही. शिळा झाला की नाही ते तुमचा कोड ठरवेल. काहीच दिलं नाही तर ३०० सेकंदांत मुदत संपते, तुमचं पान कोरं होते ते त्यामुळेच.

एक गोष्ट मात्र आजच पाहा. नोंदींची मर्यादाही मुळात ३०० च असते. बाजार गुणिले पीक गुणिले प्रत, आकडा सहज ओलांडतो. ओलांडला की साधारण एक तृतीयांश नोंदी काढून टाकल्या जातात, आणि त्यात तुमच्या 'नन'वाल्याही जातात. ऑप्शन्समध्ये मॅक्स एन्ट्रीज वाढवा.

आणि भाव आणायचं काम पान उघडणाऱ्याच्या माथी देऊ नका. क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) भाव आणणारी जँगोची मॅनेजमेंट कमांड लावा, दर पंधरा मिनिटांनी. साइट नाही उघडली तर जुनी नोंद तशीच राहू द्या. पानानं फक्त कॅश वाचायची.

भावाखाली वेळ मोठ्या अक्षरांत लिहा. सकाळी ११ चा भाव पाहून कोणी संध्याकाळी हिंगणघाटला गाडी नेली तर भाड्याचा भुर्दंड त्याला बसते, आपल्याला नाही. शिळा भाव चालेल, वेळ नसलेला भाव चालणार नाही.

कपाशी_राळेगाव
ताई, मर्यादा ५००० केली, क्रॉन लावला. आता सगळ्यांना एकच भाव दिसते. लिलाव बंद असते त्या दिवशी काय दाखवू?

मूर्तिजापूरची_ताई
शेवटच्या लिलावाचा भाव, तारखेसकट, आणि वर 'आज लिलाव बंद'. ती तारीख बाजाराच्या नोंदीतली घ्या, क्रॉन चालल्याची नको. नाही तर रविवारी शनिवारचा भाव ताजा म्हणून दिसेल.