मदत हवी आहे : आर्क्टिकमधील निरीक्षण-जाळ्यातील उणिवा कशा तपासाव्यात?

नमस्कार. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यू-ओलेसुंड येथे २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. परंतु आर्क्टिक महासागराच्या मध्यभागी असे कायमचे केंद्र उभारता येत नाही, कारण तेथील बर्फच वाहता असतो आणि त्यावर ठेवलेली उपकरणेही त्याच्याबरोबर दूर जातात. जमिनीवरच्या हिमवृष्टीच्या नोंदीही मला खटकतात : जोराच्या वाऱ्यात हिमकण मापकाच्या तोंडावरून उडून जातात आणि नोंद प्रत्यक्षापेक्षा कमी येते. नवी उपकरणे नेमकी कुठे हवीत हे ठरवण्यासाठी एकेका ठिकाणच्या नोंदी वगळून हवामानाचे संगणकीय प्रारूप (मॉडेल) पुन्हा चालवून अंदाज किती बिघडतो ते पाहावे, की आधी जुन्या नोंदींतील ही तूट दुरुस्त करावी? असे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.