कॉम्पॅक्टर मागून नको, बाजूने शूट करा
फोटोत कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा आत दाबून भरणारी गाडी, नुसती उभी दिसते, व्हिडिओच काढायला हवा, हे कचऱ्याच्या गाड्या कशा शूट कराव्यात या चर्चेत आधी कुणी लिहिलंय ते अगदी पटलं. पण गाडीच्या मागे उभं राहून काढा असं त्यात म्हटलंय, हे नाही पटत. ड्रायव्हरला आपण दिसत नाही, कामगारांच्या पायात येतो, आणि खरी गंमत बाजूनेच कळते. कचरा पडला की पातं खाली येतं, ओढून घेतं आणि वर सरकत आत दाबतं, तेव्हा इंजिनचा आवाज चढतो कारण तेलाच्या दाबाने पातं हलवणारा हायड्रॉलिक पंप इंजिनवरच चालतो, म्हणून प्लीज आवाज काढून वर गाणी टाकू नका! रिकामी करतानाचं तर कोणी लिहिलंच नाही, टिपरसारखी बॉडी कलत नाही, मागचा अख्खा दरवाजा वर उचलतो आणि आतली प्लेट सगळं बाहेर ढकलते.

गोव्यात साळगावचा कचरा प्रक्रिया प्लांट २०१६ला सुरू झाल्यापासून किनाऱ्याकडच्या गावांतला कचरा तिकडे जातो, त्यामुळे तिथल्या चोगम रोडला या गाड्या छान मिळतात. मी आधी कामगारांना विचारतो, नंतर क्लिप त्यांना व्हॉट्सअ‍ॅप करतो, घरी मुलांना दाखवतात ते.