डिसेंबरचा चित्रमहिना: विषय एकच, अटी तीन

प्रेषक: चित्रकला उपसमिती, फोंडा
विषय: डिसेंबर चित्रमहिना, कच्चा आराखडा

नमस्कार मंडळी,

१ डिसेंबरपासून रोज एक चित्र. विषय सगळे गोव्याचे आहेत आणि गोव्यात राहणारे व परदेशी असलेले दोघांनाही जमतील असे निवडले आहेत. आराखडा खाली देत आहे, हरकती २५ नोव्हेंबरपर्यंत कळवाव्यात.

मुलांना सोपे विषय आणि मोठ्यांना अवघड विषय अशी विभागणी मुद्दाम केलेली नाही. आजी, आई आणि सहा वर्षांचा नातू एका टेबलावर बसून एकच वस्तू काढत असतील तरच महिना टिकतो. म्हणून विषय सर्वांना एक, फक्त अट वेगळी: सोप्यापासून अवघडापर्यंत तीन पायऱ्या. पहिल्या पायरीला १५ मिनिटं, दुसरीला ३०, तिसरीला ४५. रविवारी सुटी, आठवड्यात राहिलेलं चित्र त्या दिवशी पुरं करावं.

सामान थोडंच लागेल: ए-५ आकाराची १५० जीएसएमची (कागद किती जाड-जड ते सांगणारा आकडा) वही, एचबी, २बी आणि ६बी पेन्सिली, मऊ खोडरबर, पाण्याने न विरघळणाऱ्या शाईचं ०.३ चं पेन. जलरंग वापरणाऱ्यांनी ३०० जीएसएमचे सुटे कागद घ्यावेत. दीडशेच्या कागदावर ओला हात दिला की तो फुगतो, रंग खळग्यांत साचतो आणि वाळल्यावर कडांना डाग राहतात. हा दोष कागदाचा असतो, पण नवखा माणूस समजतो की आपल्याला जमत नाही आणि वही मिटतो.

पहिला आठवडा रेषेचा. तुळशीवृंदावन, केळीचं पान, पितळी समई, नारळाची करवंटी, लाल मिरची. पहिल्या पायरीने फक्त बाह्यरेषा काढायची. दुसरीने वस्तूच्या आतल्या कडाही घ्यायच्या. तिसरीने पेनने, खोडरबराविना. ३ तारखेला जुन्या गोव्याचं फेस्त, त्या दिवशी मेणबत्त्यांची रांग: एकसारख्या वस्तू मागे मागे लहान होत जातात, एवढाच धडा. याच आठवड्यात एक दिवस लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांची रेषा डोळ्यांसमोर ठेवून काम करू. त्यांची नक्कल नको. पाच वस्तू एकमेकींच्या आड ठेवायच्या, शेडिंग अजिबात नाही, कोणती पुढे आणि कोणती मागे हे केवळ रेषा कुठे थांबते त्यावरून कळलं पाहिजे.

दुसरा आठवडा छायाभेदाचा. ८ तारखेला पणजीच्या चर्चचं फेस्त असतं. पांढरी इमारत, पांढऱ्या कठड्यांचा नागमोडी जिना, वर ऊन. ते पांढरं काढताच येत नाही, सावल्या काढाव्या लागतात. पायऱ्यांच्या रेषा अजिबात मारू नका. प्रत्येक पायरीची सावलीतली उभी बाजू तेवढी राखाडी करा, आडवी बाजू कोरी सोडा, जिना आपोआप उभा राहतो. बाकीचे विषय: बिबिंक या थरांच्या गोड पदार्थाचा तुकडा (फिकट आणि गडद थर एकाआड एक, म्हणजे छटांचा तयार अभ्यास), शिंपल्यांची खिडकी, जांभ्या चिऱ्यांची विहीर, मांडवीवरचं सकाळचं धुकं आणि फेरीबोट.

तिसरा आठवडा यथार्थदर्शनाचा (जवळचं मोठं, लांबचं लहान): बलकांव म्हणजे घरापुढची बैठकीची ओसरी, पणजीतल्या फोंताईनेसची गल्ली, मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ. १९ तारखेला मुक्तिदिन, तेव्हा वाऱ्यावरचा झेंडा. चौथा आठवडा रंगाचा, त्यात २४ तारखेला नाताळचं कागदी नक्षत्र, म्हणजे चांदणीच्या आकाराचा कंदील.

— उपसमितीतर्फे


प्रेषक: मराठी शाळा, छोटा गट
विषय: उत्तर: डिसेंबर चित्रमहिना, कच्चा आराखडा

सर, नमस्कार.

एक विषय, तीन अटी ही पद्धत शाळेला मान्य आहे. पण दोन-तीन ठिकाणी पहिली पायरी लहान मुलांसाठी उंच झाली आहे.

जांभ्याचा चिरा बहुतेक मुलांनी पाहिलेलाच नाही. त्यांना "छिद्रं काढा" म्हटलं की ती पानभर सारखे ठिपके मारतात आणि दगडाची चाळण होते. त्यापेक्षा पानाखाली जाड दाण्याचा पॉलिशपेपर (६० नंबरचा) ठेवावा, तेलखडूचा कागद काढून खडू आडवा धरावा आणि हलक्या हाताने घासावा. खडबडीत पोत लगेच उमटतो. वर गडद तपकिरी रंगाने सात-आठ छिद्रं, तीही उजेड आणि सावली जिथे मिळतात तिथेच. कागद १५० जीएसएमपेक्षा जाड असेल तर दाणे वर उमटत नाहीत, म्हणून या दिवशी साधा झेरॉक्सचा कागद चांगला.

दुसरी सूचना: काव-कामाचा एक दिवस हवाच. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यावर कावेचा तांबडा थर देऊन तो कोरतात आणि खालचा पांढरा वर काढतात, ते तंत्र मुलांना कागदावर जसंच्या तसं करता येतं. जाड कागदावर आधी पांढरा तेलखडू दाबून, कुठेही कागद दिसणार नाही इतका भरायचा. त्यावर तांबडा-तपकिरी तेलखडू. मग दातकोरणीने वेल, हंस, कमळ कोरायचं. पांढरा थर पातळ राहिला तर तांबडा थेट कागदात मुरतो आणि कोरलेली रेषा गुलाबी, मळकट दिसते. साध्या मेणखडूंनी हे होत नाही, वरचा थर घसरतो. पालकांना खरेदीच्या यादीत "तेलखडू" असं स्पष्ट लिहा.

नक्षत्राचं तेवढं सांगा. ७२ अंशांचे पाच भाग कोनमापकाने करणं सहा वर्षांच्या मुलाला शक्य नाही.

— छोट्या गटाची ताई


प्रेषक: सभासद, लंडन
विषय: उत्तर: डिसेंबर चित्रमहिना, कच्चा आराखडा

मंडळी,

आराखडा गोव्याच्या उजेडात बसून लिहिलेला आहे. पणजीत डिसेंबरात सूर्य सहानंतर मावळतो, इथे चारच्या आधी. कामाच्या दिवशी इथला प्रत्येक जण दिव्याखालीच चित्र काढणार. पिवळ्या बल्बखाली पिवळा रंग कागदावर दिसतच नाही, म्हणून माणूस तो वाढवत जातो आणि सकाळी चित्र हळदीने माखलेलं दिसतं. रंगाचा आठवडा सुरू होण्याआधी ४००० ते ५००० केल्व्हिनचा (उजेडाच्या छटेचं माप, दिव्याच्या खोक्यावर असतं) पांढरा एलईडी टेबलावर लावावा. उजव्या हाताने काढणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा, नाहीतर हाताची सावली नेमकी टोकावर पडते. हीटरमुळे खोली कोरडी असते, रंगाचा हात अर्ध्यात वाळून पट्टे पडतात. कागदाच्या मागची बाजूही आधी ओल्या स्पंजने पुसून घेतली तर थोडा जास्त वेळ मिळतो.

यातूनच एक विषय सुचवतो: दुपारची सावली. २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी पणजीत सूर्य सुमारे ५१ अंशांवर असतो, टोरांटोत २३, लंडनमध्ये १५. म्हणजे एक फूट उंचीच्या बाटलीची सावली पणजीत पाऊण फुटाच्या जरा पुढे, टोरांटोत जवळजवळ अडीच फूट आणि इथे पावणेचार फूट. सगळ्यांनी तीच बाटली काढायची, सावली आपापल्या गावची. सगळी चित्रं शेजारी शेजारी लावली की गाव ओळखता येईल.

फोटोवरून काढणाऱ्यांना एक विनंती. फोन वर तिरपा करून दीपस्तंभाचा फोटो काढला की उभ्या कडा वर जवळ येतात. तो फोटो गिरवला तर स्तंभ मागे कलल्यासारखा दिसतो. गोव्यातल्यांनी फोटो पाठवताना लांब उभं राहून, फोन सरळ धरून काढावेत.

— एक सभासद


प्रेषक: चित्रकला उपसमिती, फोंडा
विषय: उत्तर: डिसेंबर चित्रमहिना, सुधारित

ताई, दादा, दोन्ही पत्रांतलं सगळं घेतलं. काव-काम १० तारखेला, सावली २१च्या आधीच्या शनिवारी, कारण त्या दिवशी सर्वांना दुपार मोकळी असते. दिव्याची सूचना सामानाच्या यादीत टाकली.

नक्षत्राचं असं करू. पहिली पायरी: पेन न उचलता एका ओघात काढतात ती चांदणी, मग आतल्या रेषा पुसायच्या. दुसरी पायरी: वर्तुळ, ७२ अंश, पाच टोकं, पाच आतले कोपरे, आणि मध्यबिंदूपासून या दहाही बिंदूंना रेषा. या रेषाच नक्षत्राला फुगीर करतात.

तिसरी पायरी रंगाची, आणि इथे नेहमीचं शेडिंग लावू नका. बांबूच्या कामट्यांवर पतंगी कागद लावलेल्या नक्षत्रात उजेड आतून येतो. एक बाजू उजळ, दुसरी काळोखी असा प्रकार नसतो. मध्यभागी जवळजवळ पांढरं, टोकांकडे रंग दाट होत जातो. चांदणीच्या आत फक्त स्वच्छ पाणी फिरवा, मध्य मोकळा सोडून पिवळा सोडा, टोकांना नारिंगी-लाल. मग थांबा. हाताची मागची बाजू कागदाला लावा, गार लागलं तर आत अजून ओल आहे. ओल्यावर आकाश लावलं की निळा नारिंगीत शिरतो आणि टोकं मळकट होतात. आकाशाला काळा रंग नको, इंडिगोत (गडद निळा) थोडं बर्न्ट सिएन्ना (तांबूस तपकिरी). आकाश टोकांपेक्षा गडद हवंच, नाहीतर आत दिवा लागलेला वाटत नाही. कामट्या सगळ्यात शेवटी, बारीक ब्रशने.

दीपस्तंभाबद्दल आधी लिहायला हवं होतं ते आता लिहितो, कारण तिथे दुसऱ्या पायरीचे लोक हमखास अडतात. मजले अष्टकोनी असले तरी आधी प्रत्येक मजल्याला लंबवर्तुळ काढा. डोळ्यांच्या उंचीवरची कडा सरळ रेषा दिसते. तिच्या वरच्या कडा वर फुगतात, खालच्या खाली, आणि डोळ्यांच्या पातळीपासून जितकं लांब जावं तितकं लंबवर्तुळ जास्त उघडतं. लोक खालून वरपर्यंत एकच वाक काढतात, मग स्तंभ एकावर एक ठेवलेल्या डब्यांचा दिसतो. लंबवर्तुळं बसली की मग त्यांच्या आत अष्टकोनाचे कोपरे पाडा. मधली उभी अक्षरेषा शेवटपर्यंत पुसू नका.

फोंताईनेसला चढाच्या गल्लीची अडचण येते. रस्ता चढत असेल तर त्याच्या कडांचा लोपबिंदू (लांब जाणाऱ्या रेषा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू) क्षितिजरेषेच्या, म्हणजे डोळ्यांच्या पातळीच्या, वर जातो, पण घरांच्या खिडक्या आणि छज्जे आडवेच बांधलेले असतात, त्यांचा लोपबिंदू क्षितिजरेषेवरच राहतो. दोन्ही एकाच बिंदूला नेले की चढ सपाट होतो.

— उपसमितीतर्फे


प्रेषक: सभासद, म्हापसा
विषय: उत्तर: डिसेंबर चित्रमहिना, सुधारित

आराखड्यात माणसं नाहीत! शेवटच्या आठवड्यात शुक्रवारचा म्हापशाचा बाजार घाला. पहिल्या पायरीला फुलांची टोपली. दुसरीला बसलेली विक्रेती, आधी डोकं, खांदे आणि गुडघे यांच्या तीन तिरक्या रेषा, मगच साडी. तिसरीला वावरणारी माणसं: एका पानावर चार आकृत्या अर्धवट सुरू ठेवा. वजन करणारी बाई पाच मिनिटांत पुन्हा तोच हात उचलते, तेव्हा तिच्या आकृतीकडे परता. परदेशी असलेल्यांनी हेच बसथांब्यावर करावं किंवा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसारखं स्मरणचित्र काढावं. बाजारात समोर बसण्याआधी विचारा, आणि गिऱ्हाइकाच्या वाटेत वही उघडू नका.

ई-मेल यादीवर चित्रं पाठवताना फोटो खिडकीजवळ, दिवसा, फ्लॅश न लावता घ्या. लांब बाजू १६०० पिक्सेल पुरते. फाइलच्या नावात आधी तारीख, मग पायरी: ०८-२, २४-३ असं.