स्कॉटिश एलचा गोडवा
स्कॉटिश एल, म्हणजे स्कॉटलंडची बिअर, गोडसर लागते म्हणून कुणीतरी म्हटलंय, त्यात गूळ नाहीतर कॅरॅमल घालत असणार. त्याची गरजच नसते हो. गोडवा माल्टचाच (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बेताचे, त्यामुळे कडवटपणाने हा गोडवा झाकला जात नाही. मागच्या शनिवारी नाशकातल्याच एका ब्रूपबमध्ये (बिअर तिथेच बनवणारा पब) घेतली, तर पहिला घोट पार पाणचट. बर्फासारखी गार आणून दिलेली! ग्लास तसाच ठेवून आधी चिवडा संपवला. पंधराएक मिनिटांनी मात्र भाजलेल्या पावाची कड आणि मागून काकवी, दोन्ही लागले. १०-१२ अंशांवर प्यायची चीज आहे ही.

आणि या एलच्या नावातलं '८० शिलिंग' (शिलिंग म्हणजे जुनं ब्रिटिश नाणं) ही ग्लासाची किंमत नव्हे (आमच्या मित्राने खिसा चाचपला होता). १९व्या शतकातल्या पिंपाच्या भावावरून पडलेलं नाव ते. आकडा मोठा तशी एल जड.